हाड टणक होतं, गादी होत नाही

मागच्या अंकात मी एवढंच विचारलं होतं की तालीम, कराटे, ज्युदो, बॉक्सिंग यातलं काहीही ज्यांनी वर्षानुवर्षं जोर लावून केलंय त्यांनी आता शरीर काय म्हणतंय ते कळवा. एवढ्या पत्रांची अपेक्षा नव्हती. सगळी छापणं शक्य नाही म्हणून सहाजणांचे प्रश्न घेतलेत, बाकीच्यांना आपलं उत्तर यातच कुठेतरी सापडेल. मी फिजिओथेरपिस्ट आहे, कॉलेजात असताना ज्युदो खेळायचे आणि गेली वीसेक वर्षं मातीतले आणि मॅटवरचे दोन्ही प्रकारचे लोक माझ्याकडे येतायत, त्यामुळे या मंडळींबद्दल मला माया आहे हे आधीच सांगून टाकते.

ताई, मी कागल तालुक्यातला, वय ४७. बाराव्या वर्षी तालमीत गेलो, एकोणतीसपर्यंत कुस्ती केली. रोज हजार बैठका, पाचशे जोर आणि वर लढती. आता जिना उतरताना गुडघे कटकट वाजतात, सकाळी मान आखडलेली असते आणि उजव्या हाताला अंगठ्यापर्यंत मुंग्या येतात. वजन १०८ किलो. घरचे म्हणतात बैठकांनीच गुडघे गेले. खरंय का?

पैलवान, सगळा दोष बैठकांवर टाकू नका. धड गुडघ्याने, अंगाच्या वजनावर पूर्ण खाली बसून उठणं ही काही गुडघ्याची वाट लावणारी गोष्ट नाही, आपल्याकडे बायका चुलीपुढे उकिडवं बसून आयुष्य काढत आल्यात. मला तुमच्याकडून वेगळंच ऐकायचंय. त्या सतरा वर्षांत कधी गुडघा सुजला होता का, अडकला होता का, पाय रोवलेला असताना वरून जोडीदार अंगावर पडून गुडघा सरकला होता का? आणि मग चार दिवस तेल-हळद चोळून पाचव्या दिवशी परत मातीत उतरलात का? माझ्याकडे येणारे जुने पैलवान आधी नाही म्हणतात, आणि चहा झाल्यावर आठवतं, हो ओ, एकदा यात्रेच्या मैदानात कटकन आवाज आला होता. तो आवाज बहुतेक वेळा आतल्या लिगामेंटचा किंवा गादी फाटल्याचा असतो. गुडघ्याचं पुढचं लिगामेंट तुटलेल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांच्या गुडघ्यात दहा ते वीस वर्षांनी झीज दिसते, आणि तुम्ही आत्ता नेमके त्या काळात आहात. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत कांस्य आणलं आणि पुढच्या ऑलिंपिकला ते जाऊ शकले नाहीत ते गुडघ्यामुळेच, हे आपल्या भागात पोरासोरांनाही माहीत असतं, तरी गुडघ्याच्या दुखापतीला कुणी दुखापत म्हणत नाही.

एक गोष्ट नीट समजून घ्या कारण पुढच्या सगळ्या उत्तरांत ती परत परत येणार आहे. स्नायू, कातडी आणि हाड ही मंडळी मार खाऊन, आणि मधे पुरेशी विश्रांती मिळाली तर, मजबूत होतात. सांध्यातली गादी, कुर्चा (म्हणजे कार्टिलेज), नस आणि मेंदू हे होत नाहीत. कुर्चेला स्वतःचा रक्तपुरवठाच नसतो, त्यामुळे ती फाटली की हाडासारखी सांधत नाही. तालमीत आपण सगळ्या अंगाला एकच कायदा लावतो की घाम गाळला की ते घट्ट होणार, पण अर्ध्या अंगाला तो कायदा लागूच होत नाही.

मानेचं म्हणाल तर अंगठ्यापर्यंत जाणाऱ्या मुंग्या बहुधा मानेतून निघणाऱ्या सहाव्या नसेच्या असतात. वर्षानुवर्षं डोक्यावर भार घेऊन ब्रिज (डोकं आणि पाय टेकून अंगाची कमान) केलेला, समोरच्याने मानेवर हप्ता (मान दाबून धरायचा डाव) भरलेला, मणक्यांमधल्या गाद्या लवकर सुकतात आणि नसेला जागा कमी पडते. मानेचा एमआरआय करून घ्या आणि तोवर ब्रिज अजिबात नको, पोरांना दाखवण्यापुरता पण नको. हातातून वस्तू पडायला लागल्या, शर्टाची बटणं लावता येईनात, चालताना तोल जायला लागला किंवा लघवीवरचा ताबा सुटल्यासारखा वाटला तर मात्र एमआरआयची तारीख वगैरे बघत बसू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

आणि आता वजन. तुम्ही लिहिलं नाहीये पण मी पैजेवर सांगते की तालीम सुटली आणि खुराक सुटला नाही. दूध, तूप, बदाम, मटण हे त्या मेहनतीसाठी होतं, पहाटे चारला उठून केलेल्या मेहनतीसाठी. मेहनत गेल्यावर तेच ताट पोटावर बसतं. अंगावरचं १ किलो वजन उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण ४ किलोने कमी होतो, म्हणजे तुम्ही १० किलो कमी केलंत तर गुडघ्याला केवढा आराम मिळेल तो हिशोब तुम्हीच करा. उपाशीपोटी साखर, बीपी आणि कोलेस्टेरॉल या महिन्यातच तपासून घ्या. व्यायाम मात्र सोडू नका. खुर्चीला टेकेपर्यंत अर्ध्या बैठका, दहा-दहाच्या तीन पाळ्या, एक दिवसाआड. सायकल चालवा. गावात विहीर असेल आणि पोहता येत असेल तर पोहा, फक्त मान सारखी वर काढून पोहू नका. हजारचा आकडा विसरायला जड जाईल, मला माहितीये.

माझं वय १७, सांगली. परवा मॅटवर कान घासून सुजलाय, गरम लागतोय आणि भज्यासारखा फुगलाय. वस्ताद म्हणतात राहू दे, मोडलेला कान हीच पैलवानाची ओळख. अजून एक, काहीजण कुस्तीआधी दंडात इंजेक्शन घेतात, म्हणतात दम लागत नाही. घ्यावं का?

परवा म्हणजे अजून वेळ गेलेली नाहीये बाळा, हे वाचतोयस तोवर दवाखान्यात जाऊन आलेला असशील अशी आशा करते, आणि तुला मी वेगळं कळवलंच आहे. बाकीच्या पोरांसाठी लिहिते. कानाच्या कुर्चेवर एक पातळ आवरण असतं, त्यातूनच तिला रक्त मिळतं. घासून ते आवरण सुटतं, मधे रक्त साठतं आणि कुर्चा उपाशी राहते. दोन-तीन दिवसांत कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी ते रक्त काढून वर दाबून पट्टी बांधली तर कान बहुतेक पहिल्यासारखा होतो. नाही काढलं तर आत कडक गाठी होतात आणि मग कान आयुष्यभर तसाच. घरी सुई टोचून रक्त काढायचं नाही, त्यात पू झाला तर अख्खा कान गळून आत वळतो. पट्टी निघाल्यावरही दोनेक आठवडे लढत नको आणि पुढे सरावाला कानाचं गार्ड घाल. मोडलेल्या कानाचा अभिमान मी समजू शकते, मैदानात बसलेला म्हातारा माणूस पोराचे कान बघूनच विचारतो कुठल्या तालमीचा, पण त्याच कानात कधी कधी भोकच इतकं अरुंद होतं की मळ अडकून सारखं दुखत राहतं आणि साठीनंतर ऐकायचं मशीनही नीट बसत नाही.

इंजेक्शनचं उत्तर एका शब्दात, नाही. जी सुई तुमच्याकडे फिरतेय ती बहुतेक मेफेंटरमिनची, ऑपरेशनच्या वेळी पेशंटचं बीपी कोसळलं तर भूलतज्ज्ञ देतात ते औषध. धड माणसाने घेतलं की बीपी आणि ठोके एकदम चढतात, दम लागत नाही असं वाटतं म्हणजे शरीराची धोक्याची घंटा बंद केली जाते. सवय लागते, डोकं भ्रमिष्ट होतं, हृदयावर ताण येतो. आणि एक सुई चौघांत वापरली तर कावीळ बी, सी आणि एचआयव्ही. वस्तादांना माहीत नसेल तर घरी सांग, घरी भीती वाटत असेल तर मला लिही.

माझा मुलगा ९ वर्षांचा, डोंबिवलीत कराटे क्लासला जातो. सर फरशीवर मुठीवर जोर काढायला लावतात, वाळूच्या बादलीत बोटं खुपसायला लावतात आणि एकमेकांना खांद्यावर घेऊन बेडूकउड्या. म्हणतात हाडं लोखंडासारखी होतील. बंद करू का क्लास?

सर अर्धं बरोबर सांगतायत म्हणूनच ते धोक्याचं आहे. हाडावर जसा भार येतो तसं ते स्वतःला घडवतं हे जर्मनीत ज्युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्येच मांडलं होतं, टेनिसपटूचा खेळायचा हात दुसऱ्या हातापेक्षा हाडानेही जाड असतो. ओकिनावातले कराटेवाले माकिवारावर ठोसे मारतात ते याच समजुतीने. पण माकिवारा म्हणजे भिंत नव्हे हो. तो जमिनीत रोवलेला वरून निमुळता फळा असतो, त्याला वर गवताची दोरी गुंडाळलेली असते, ठोसा लागला की तो मागे वाकतो आणि परत येतो, आणि त्यावर मोठी माणसं हळूहळू, वर्षानुवर्षं हात तयार करतात. आपल्याकडे त्यातला वाकणारा फळाही गेला आणि वर्षंही गेली, राहिली ती डोंबिवलीची फरशी आणि नऊ वर्षांचं पोर.

नऊ वर्षांच्या हाडाच्या टोकाला वाढीची चकती असते, ती मऊ असते, मुलींत साधारण चौदा-सोळा आणि मुलांत सोळा-अठरापर्यंत उघडी राहते. तिथे सारखा दणका बसला तर हाड वाकडं वाढू शकतं किंवा वाढ आधीच थांबू शकते, लहान जिम्नॅस्ट मुलींच्या मनगटात हे डॉक्टरांनी चांगलं बघितलेलं आहे. आणि मुठीच्या उंचवट्यावर जे घट्टे पडतात ते कातडीचे असतात, खालची कुर्चा आणि बोट सरळ करणारी दोरी काही घट्ट होत नाही. तेव्हा मुठीवरचे जोर, वाळूची बादली, फरशा फोडणं, आणि दुसऱ्याचं वजन घेऊन बेडूकउड्या, हे चार प्रकार माझ्या मते मिसरूड फुटेपर्यंत पूर्ण बंद हवेत. तळहातावर जोर काढू दे, दोरीवरच्या उड्या मारू दे, त्याने हाडं छानच होतात.

पण क्लास लगेच बंद नका करू. त्याआधी सरांना जाऊन भेटा आणि तीन गोष्टी विचारा. डोक्याला मार बसलेल्या मुलाचं तुम्ही काय करता, पडायला कधी शिकवता आणि वजनाने दुप्पट मुलाबरोबर लढायला लावता का. डोक्याचं मी पहिलं का विचारायला सांगतेय तर जपानमुळे. ज्युदो म्हणजे त्यांचा घरचा खेळ, जिगोरो कानोंनी १८८२ मध्ये सुरू करताना जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतले जिवावर बेतणारे डाव सरावातून मुद्दाम काढून टाकले होते, आणि त्याच ज्युदोत जपानच्या शाळांमधून १९८३ नंतरच्या तीसेक वर्षांत शंभराहून जास्त मुलं दगावली. कितीतरी मुलं डोक्याच्या मारानेच गेली आणि त्यात नवशिके खूप होते, ज्यांना नीट पडताही येत नव्हतं आणि मोठ्या मुलाने मागे आपटलं. पालकांनीच आवाज उठवला तेव्हा नियम कडक झाले. २०२२ मध्ये तर तिथल्या ज्युदो महासंघाने प्राथमिक शाळेच्या मुलांची राष्ट्रीय स्पर्धाच बंद करून टाकली, कारण जिंकण्यासाठी मोठी माणसं एवढ्याशा पोरांना वजनं कमी करायला लावत होती. खेळ ज्यांनी जन्माला घातला ते थांबून विचार करतात तर आपल्या क्लासच्या सरांना हे तीन प्रश्न विचारायला तुम्ही संकोचू नका.

पडायला शिकवत असतील तर सरांना माझ्याकडून नमस्कार सांगा. ज्युदोत त्याला उकेमी म्हणतात, हनुवटी छातीला लावायची, हात जमिनीवर आपटून दणका पसरवायचा. मला खेळातून मिळालेल्या सगळ्या गोष्टींत हीच आयुष्यभर पुरली, गेल्या पावसाळ्यात बसमधून उतरताना शेवाळावरून सपशेल मागे पडले आणि डोकं जमिनीला लागलं नाही.

पुण्यात किकबॉक्सिंग करतो, वय २४. आठवड्यातून तीन दिवस फुल स्पीड स्पारिंग (सरावातली लढत). गेले दोन महिने डोकं दुखतं, झोप नीट नाही, ऑफिसात मिटिंगमधे नावं आठवत नाहीत. आजपर्यंत एकदाही नॉकआऊट झालेलो नाही आणि हेडगार्ड घालतो, मग हे स्क्रीन टाइममुळे असेल का?

स्क्रीन टाइममुळे नाही. म्हणजे असूही शकेल, पण तुझं वर्णन वाचून मी तो विचार शेवटी करेन आणि न्यूरोलॉजिस्टकडे आधी पाठवेन, आणि तोपर्यंत डोक्याला एकही फटका नको, हलका पण नको, गंमतीत पण नको.

तुझ्या पत्रातली दोन वाक्यं मला काळजीत टाकतात कारण ती जिममधे सगळेच म्हणतात. पहिलं, नॉकआऊट झालेलो नाही. बेशुद्ध न पडताही मेंदूला इजा होते, अशा इजेला कन्कशन म्हणतात, आणि ते झालेल्या बहुतेकांची शुद्ध जातच नाही. आणि त्याहून छोटे फटके, ज्यांनी काही जाणवतही नाही, तेच दीर्घकाळात जमा होतात असं आता बरेच संशोधक मानतात. म्हणजे मोठा फटका किती वेळा बसला यापेक्षा एकूण किती वर्षं आणि किती फटके हा हिशोब महत्त्वाचा, आणि तो हिशोब कुणाकडेच नसतो कारण सरावातले फटके कोण मोजतं? तूच मोज ना, आठवड्याला तीन दिवस, दिवसाला पाच राऊंड धरले आणि राऊंडला डोक्यावर फक्त सहा फटके, तरी आठवड्याला नव्वद. वर्षाला साडेचार हजार. मॅचेस किती झाल्यात तुझ्या?

दुसरं, हेडगार्ड. डबा कितीही जाड घेतला तरी डब्यातलं दही हलायचं थांबत नाही. हेडगार्डने भुवई फाटत नाही, कवटीला थेट दणका कमी बसतो, पण डोकं गर्रकन फिरतं तेव्हा आतला मेंदू मागे राहून ताणला जातो ते हेडगार्ड थांबवू शकत नाही. उलट ते घातलं की आपण निर्धास्त होऊन जास्त मार खातो. पुरुषांच्या बॉक्सिंगमधून २०१३ मध्ये हेडगार्ड काढलं गेलं आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमधे पुरुष त्याशिवायच लढले, तो निर्णय बरोबर होता का यावर अजून वाद आहेत पण हेडगार्ड म्हणजे कवच नव्हे एवढं तरी त्यातून घे.

हे काही नवीन ज्ञान नाहीये. हॅरिसन मार्टलँड नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९२८ मध्येच लिहून ठेवलंय की बॉक्सर मंडळी काही वर्षांनी दारू न पिता झिंगल्यासारखी चालतात, बोबडं बोलतात. मोहम्मद अलींना १९८४ मध्ये पार्किन्सन्सचं निदान झालं तेव्हा ते ४२ वर्षांचे होते, ठोशांमुळेच झालं का यावर डॉक्टरांचं एकमत नाही, पण पुढची बत्तीस वर्षं तो माणूस कसा थरथरत जगला ते सगळ्या जगाने बघितलं. वारंवारच्या माराने मेंदूत जो आजार होतो त्याला सीटीई म्हणतात आणि त्याचं पक्कं निदान आजही माणूस गेल्यावर मेंदू तपासूनच होतं. जिवंतपणी फक्त लक्षणं दिसतात, चिडचिड, उदासी, विसरभोळेपणा. मी तुला सीटीई आहे असं अजिबात म्हणत नाहीये. चोवीस वर्षांच्या मुलाची अशी लक्षणं बहुतेक वेळा पूर्ण जातात, जर मेंदूला आत्ता मोकळीक दिली तर.

डॉक्टरांनी हो म्हटल्यावर परत यायचं ते पायरीपायरीने. आधी चालणं आणि हलकी सायकल, मग सावलीबरोबरचं बॉक्सिंग, मग बॅग, मग पॅड, दर पायरीला निदान एक दिवस आणि डोकं दुखलं की एक पायरी खाली. स्पारिंग सगळ्यात शेवटी आणि लेखी परवानगीनेच. पहिली इजा भरायच्या आत दुसरी झाली तर मेंदू भराभर सुजून माणूस जाऊ शकतो, क्वचित होतं पण तरुण मुलांतच होतं. उलट्या, डोकेदुखी वाढत जाणं, एका डोळ्यातली बाहुली मोठी दिसणं, झोपेतून उठवता न येणं यातलं काही झालं तर थेट इमर्जन्सीला. आणि कोच म्हणाला की फुल स्पीडशिवाय तयारी होत नाही तर त्याला थायलंडचं सांग, तिथले मुए थाई खेळाडू जगात सगळ्यात जास्त फाइट खेळतात आणि सरावातलं स्पारिंग बघशील तर खेळीमेळीने, जवळपास हसत हसत चालतं, कारण त्यांना पुढच्या महिन्यात परत खेळून पैसे कमवायचे असतात.

म्हापशात चाळीस वर्षं कराटे करतोय, शिकवतोय. वय ५८. जांघेत कळ येते, मांडी घालून बसता येत नाही, पायात मोजा घालताना त्रास. रोज एक पेनकिलर घेऊन क्लास घेतो. विद्यार्थ्यांसमोर किक न मारणं बरं दिसत नाही.

सर, मोज्याचं तुम्ही लिहिलंत तिथेच मला उत्तर मिळालं, जांघेत कळ आणि मोजा घालता न येणं म्हणजे खुब्याचा सांधा. चाळीस वर्षं गोल किक आणि बाजूची किक डोक्याच्या उंचीवर मारताना मांडीच्या हाडाची मान खुब्याच्या वाटीच्या काठाला घासते, काठाची कुर्चा आधी फाटते आणि मग झीज. काहींच्या हाडाचा आकारच असा असतो की त्यांना हे लवकर होतं, म्हणून तुमच्या बरोबरीचा एखादा अजून आरामात किक मारत असेल तर मनाला लावून घेऊ नका. उभं राहून खुब्याचा एक्सरे काढा आणि हाडाच्या डॉक्टरांना दाखवा. झीज खूप असेल तर खुबा बदलायचं ऑपरेशन आता चांगलं होतं, नंतर काता (जोडीदाराशिवाय करायचे ठरलेल्या हालचालींचे क्रम) करता येतात, उंच किक आणि आपटाआपटी नाही.

मला जास्त भीती तुमच्या रोजच्या गोळीची आहे. ही औषधं वर्षानुवर्षं रोज घेतली तर जठराला अल्सर होतात, किडनी खराब होते आणि बीपी वाढतं, आणि दुखणं दबल्यामुळे झिजलेल्या सांध्यावर तुम्ही आणखी भार टाकता. किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या, बीपी बघा, आणि डॉक्टरांशी बोलून गोळी कमी करत आणा.

विद्यार्थ्यांसमोरच्या संकोचाबद्दल मला माझंच सांगू द्या. एकोणिसाव्या वर्षी स्पर्धेत माझा खांदा निखळला. आमच्या कोचनी तिथेच बसवला आणि दुसऱ्या दिवशी सामना खेळायला लावला, मी पण नाही म्हटलं नाही कारण सगळे बघत होते. त्या वयात एकदा निखळलेला खांदा परत निखळायची शक्यता फार असते, माझा त्यानंतर चारदा निखळला. आज मला वरच्या फडताळातला डबा उजव्या हाताने काढता येत नाही. त्या दिवशी कुणी मोठ्या माणसाने समोर उभं राहून म्हटलं असतं की माझं दुखतंय, मी आज किक मारणार नाही, तुम्ही मारा, तर मला थांबायला शिकता आलं असतं. तुमच्या क्लासमधे अशी किती मुलं असतील जी दुखणं लपवतायत? कमरेइतकी किक शिकवा, काता शिकवा, आणि उंच किक दाखवायला ब्राऊन बेल्टच्या पोरीला पुढे बोलवा.

मी राधानगरी तालुक्यातली, वय २०, कुस्ती करते. मूळ वजन ५८, खेळते ५३ मधे. प्रत्येक स्पर्धेआधी पाणी बंद, मीठ बंद, रेनकोट घालून पळणं. पाच महिने पाळी आलेली नाही. मैत्रिणी म्हणतात बरंच झालं, कटकट गेली. आता नडगीवर एका जागी दाबलं की दुखतं.

तुझं पत्र सगळ्यात शेवटी ठेवलं कारण उत्तर लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. आधी नडगी. एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखणं म्हणजे हाडाला बारीक चीर असू शकते, तेव्हा आजपासून पळणं आणि उड्या बंद आणि एक्सरे. सुरुवातीला एक्सरेत ती चीर दिसत नाही, म्हणून एक्सरे चांगला आला तरी दुखणं राहिलं तर एमआरआय मागून घे.

आणि पाळी जाणं ही कटकट जाणं नाहीये ग. मेहनतीच्या मानाने पोटात कमी पडलं की शरीर जी कामं तातडीची नाहीत ती बंद करतं आणि पाळी त्यात पहिली. तिच्याबरोबर इस्ट्रोजेन खाली जातं आणि इस्ट्रोजेन हाडं सांभाळतं. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी या सगळ्याला एक नाव दिलं, रेड-एस (खेळाडूंमधली ऊर्जेची कमतरता), आणि हे पुरुष खेळाडूंनाही होतं हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. माणसाचं बहुतेक सगळं हाड पंचविशीच्या आसपास जमा होऊन जातं, पुढे आयुष्यभर त्यातूनच खर्च. तू जमा करायच्या वयात काढून घेतेयस. कुस्तीने तुझी हाडं टणक व्हायला हवी होती, मातीतल्या कुठल्याही मुलीची होतात, आणि पोटात नसल्यामुळे उलटं चाललंय.

पाणी तोडण्याचं सांगते. १९९७ मध्ये अमेरिकेत महिन्याभरात कॉलेजचे तीन पैलवान वजन उतरवताना मेले. घामाचे रबरी सूट घालून, गरम खोलीत, पाणी न पिता. त्यानंतर तिथे ते सूट आणि सॉना बंद झाले आणि अंगातलं पाणी आणि चरबी मोजून कमीत कमी वजन ठरवायला लागले. तुझा रेनकोट म्हणजे तोच सूट. २०२४ ला पॅरिसमधे विनेश फोगाट फायनलच्या सकाळी १०० ग्रॅमने बाद झाली तेव्हा आपण सगळे रडलो, पण रात्रभर त्या मुलीच्या शरीराकडून काय काय करून घेतलं गेलं यावर गावातल्या कट्ट्यावर कुणी बोललं नाही, सगळे १०० ग्रॅमवरच बोलत राहिले. आता दोन्ही दिवशी सकाळी वजन घेतात, त्यामुळे एकदा उतरवून रात्री खाऊन घेतलं असं होत नाही, दोनदा मरायचं.

माझं स्पष्ट मत आहे की तू ५७ मधे खेळावंस. तुझ्या वस्तादांना सांगायला जड जाईल, जागा रिकामी नाही म्हणतील, ५७ मधे तगड्या मुली आहेत म्हणतील. असतील. तू पोटभर खाऊन, पाणी पिऊन उतरलीस तर तूही तगडी असशील. या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, आधी प्रेग्नन्सी आणि थायरॉइड तपासतात त्याला लाजू नकोस, ती त्यांची पद्धत आहे. हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), डी जीवनसत्त्व आणि कॅल्शियम करून घे, हाडांच्या घनतेची तपासणी त्या सांगतील तर तीही. पाळी आणायला नुसत्या गोळ्या दिल्या तर विचार की गोळीने रक्त येईल पण हाडाचं काय. आणि सकाळच्या मेहनतीनंतर अर्ध्या तासात काहीतरी पोटात जायलाच हवं, दूध-केळी, भाकरी-अंडी, शेंगदाणे-गूळ, जे घरात असेल ते. महागडा पावडरचा डबा लागत नाही. आईला हे पान वाचायला दे. नडगीचा रिपोर्ट आला की फोटो काढून पाठव, आणि त्यावर शेवटची पाळी कधी आली होती ती तारीख लिही.